आगीची घंटा

एल्म कुली, सास्काचेवान
१९ सप्टेंबर १९४७

प्रिय डोरीन,

तुझं पत्र पोचलं. आईचा खोकला गेला हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे सगळं ठीक. गहू पिवळाधमक झालाय, मळणी चालू आहे, आणि वारा! त्या मेल्याला इथे सुट्टीच नाही. परवा वाळत घातलेली चादर शेजारच्या पावलुकांच्या कुंपणावर सापडली.

तू विचारलंयस, घरी राहायला येणाऱ्या नव्या मास्तरणीला माझी खाट देऊ का म्हणून. सांगते. थांब जरा.

सासूबाई बऱ्या आहेत. कॉफी पिऊन पिऊन त्यांचा दिवस जातो, करून करून माझा. मळणीच्या गड्यांना दिवसातून पाच वेळा खायला लागतं बाई! बटाटे सोलताना मला आपल्या हल बंदरातल्या गोदीवरचे भोंगे आठवतात. इथे नुसतं आभाळ आहे. बघावं तिकडे आभाळ. कधी कधी वाटतं, किंचाळावं.

इथल्या टेलिफोनचं सांगायचं राहिलंच. आमच्या रस्त्यावरची सगळी घरं एकाच तारेवर आहेत. फोन कुणाचाही असो, घंटा सगळ्यांकडे वाजते. आमची खूण दोन लांब, एक आखूड. पण खूण कुणाचीही असली तरी सगळ्या बाया फोन उचलतात आणि खुशाल ऐकत बसतात. सासूबाईंनी तर तिथे खुर्चीच मांडलीय, विणकामासकट.

"अगं, उचल की! पावलुकीणबाईचा आहे."

"आपला नाही तो, आई."

"आपला नाही म्हणून तर उचलायचा!"

मला नाही जमत. हवाई तळाच्या एक्सचेंजवर लढाईची सगळी वर्षं काढली मी. तार जोडायची आणि कान काढून घ्यायचा. ऐकलंस तर खैर नाही, ही पहिल्या दिवशीची ताकीद. म्हणून इथे माझी ख्याती काय, तर हालवर्सनांची इंग्लिश सून शिष्ट आहे.

आयव्हरही मला तारेवरच भेटला, आठवतं ना? कॅनडाच्या तुकडीतला, रोज गोदामातून फोन जोडून मागायचा आणि जोडून दिला की म्हणायचा, "आता मला दुसऱ्या कुणाशी बोलायचंच नाही." चेहरा मी नंतर बघितला. त्या आवाजाशी लग्न करायला समुद्र ओलांडून आले, आणि इथे आल्यावर तो माणूस बोलायचाच थांबला. सासूबाई म्हणतात, हालवर्सन पुरुष असेच, मुके जन्मतात.

तर मंगळवारी तुझं पत्र आलं. खाटेचं वाक्य परत परत वाचलं. मग हात पुसले आणि सरळ स्टेशनवर फोन लावला. बोटीसाठी हॅलिफॅक्स बंदरापर्यंतचं तिकीट मिळेल का? स्टेशनमास्तर म्हणाला, "जाऊन येऊन?" मी म्हटलं, "नाही. फक्त जाण्याचं."

आता लिहिलं एकदाचं. कधीपासून वाऱ्यापावसाचं सांगत बसलेय तुला.

मी कुणाचं ऐकत नाही, म्हणजे माझंही कुणी ऐकत नसणार, असं धरून चालले होते. इतकी वर्षं एक्सचेंजवर बसून हेच शिकले! दुपारी पावलुकीणबाई खसखशीचा रोल घेऊन हजर. तिच्या मागे दुसरी, मुरंबा घेऊन. दोघी कोपऱ्यातल्या माझ्या ट्रंकेकडे बघत बसल्या, विषय मात्र कोंबड्यांचा. त्या गेल्यावर सासूबाईंनी लोकरीचे जाड मोजे माझ्या मांडीवर ठेवले. "बोटीवर पाय गार पडतात." टोमणा नव्हता गं तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

आयव्हरला शेतात गड्यांकडून कळलं. संध्याकाळी आला, जेवला, म्हणाला, "उद्या वारा पडेल." बस्स! ताट आपटावंसं वाटलं मला.

बुधवारी आयव्हरसकट सगळे गडी पावलुकांकडे जेवायला होते. भरदुपारी मी टेलिफोनचं हँडल धरलं आणि गरागरा फिरवतच राहिले. अशी लांबच लांब घंटा इथे फक्त आग लागली तर वाजवतात. सासूबाईंच्या हातातली कपबशी पडली. सगळ्या रस्त्याने फोन उचलले.

"आग कुठे लागलीय?" पावलुकीणबाई ओरडली.

"आग नाही. मी मेव्हिस. काल तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत ते खरं आहे. मी तिकीट विचारलं. रोल आणून कोंबड्यांचं काय बोलता? मला विचारा ना! मी इथे कंटाळलेय. मला कुणाशी तरी बोलायचंय हो!"

आणि माझं मलाच रडू फुटलं, सगळ्या रस्त्याच्या कानात.

नुसते श्वास ऐकू येत होते. मग पावलुकीणबाईच्या हातून कुणीतरी फोन घेतल्याची खडखड झाली, आणि डोरीन, तो आवाज आला. गोदामातला. वर्षभरात ऐकला नव्हता असा.

"मेव्ही, जाऊ नकोस."

"घरात का नाही बोललास?"

"घरात तू समोर असतेस. समोर मला सुचत नाही." आणि मग सगळ्या रस्त्याला, "बाकीच्यांनी फोन खाली ठेवा."

एकानेही ठेवला नाही. उलट त्याच्या शेजारून पावलुकीणबाई हुंदके देत म्हणाली, "अगं, उत्तर दे की त्याला!"

मी म्हटलं, "रोज बोलायचं. फोनवर तर फोनवर." तो म्हणाला, "रोज." आता दुपारी दोन लांब, एक आखूड वाजते. तो पावलुकांकडून बोलतो, मी स्वयंपाकघरातून, आणि सगळा रस्ता ऐकतो. सासूबाई माझ्यासाठी खुर्चीवरून उठतात. काल तर मीही दुसऱ्यांचा एक फोन उचलला. कुणाला सांगू नकोस.

आभाळ मात्र तेवढंच आहे. वाराही पडलेला नाही. कधी कधी अजून किंचाळावंसं वाटतंच, आणि ते थांबेल असं मी तुला लिहून देणार नाही.

खाट दे त्या मास्तरणीला. उशी तेवढी ठेव. येईन मी, जाऊन येऊनचं तिकीट काढून.

तुझीच,
मेव्ही (दोन लांब, एक आखूड)