कार्बोरेटरखालचा ट्रे

आई, तू चोर होतीस. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, फादरना कळलं तर पुढच्या रविवारचं प्रवचन माझ्याकडे बघूनच होईल. पण मी पुराव्यानिशी बोलतेय. पुरावा इथे माझ्यासमोर ओट्यावर आहे, रॉकेलनं दोनदा धुतला तरी काळा तो काळाच. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मिळालेला माझा स्टीलचा ट्रे. म्हणजे त्याचा उरलेला तुकडा. बाकीचा कुठे गेला ते तुलाच ठाऊक, कारण कात्री तूच चालवलीस.

नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणशील, "पोरीला धड सांगताबी येत नाय." तर तुझ्या नातीचं लग्न ठरलं, तेही मे महिन्यात, चर्चमधली लग्नाची मिस्सा भर दुपारी चारला. आणि बाईसाहेबांचा हट्ट, चर्चला जाईन तर आजीच्या पांढऱ्या गाडीतूनच. तुझे जावई कपाळाला हात लावून बसले. "पुढे बँड, मागे हा खटारा, आणि बसला मध्येच, तर नवरीला धक्का मारायला लावणार का?" मी ऐकून घेणाऱ्यातली थोडीच! शब्दानं शब्द वाढला आणि शेवटी ते म्हणाले, "त्या दिवशी एकदा जरी बंद पडली, तर सोमवारी भंगारवाला बोलावतो. बोल, मान्य?" मी फणकाऱ्यानं म्हटलं, मान्य. म्हणून तर गेले, पण गाडी खरंच गेली तर? तुझ्या हाताचं असं दुसरं काय राहिलंय माझ्याकडे? उन्हाळ्यात ती तापली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळायचं आणि गाडी जागच्या जागी बसायची, हे काय मला माहीत नव्हतं? सीटखाली तुझी पाण्याची बाटली आणि फडकं कायम तयार. बंद पडली की बॉनेट उघडायचं, ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. मी मागच्या सीटवर देवाचा धावा करायला लागले की तू खेकसायचीस, "पानी घाल आधी, मग देवाला हाक मार."

तुळिंजचा मेकॅनिक आला, आंब्याखाली गाडी लावली, त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, फडकाबिडका विसरा आता. खालची गास्केटं खल्लास झालीत, हवा खेचतेय गाडी. शील्ड पण बघायला लागेल." गास्केट म्हणजे दोन लोखंडांमध्ये बसतो तो जाड कागदासारखा तुकडा, आणि शील्ड म्हणजे खालच्या सायलेन्सरच्या नळीची धग वर येऊ न देणारा पत्रा. हे तुला सांगतेय मी! कार्बोरेटर साफ करायला वरून कितीदा उघडला असेल, पण खालून कोणी सोडवलाच नव्हता. त्यानं नट काढले, कार्बोरेटर उचलला, खालच्या भोकात चिंधी कोंबली आणि पत्र्यावर बोटानं टकटक केलं. "ताई, ही ओरिजिनल शील्ड नाय. कोनीतरी ताट कापून लावलंय." मी पुढे होऊन बोटानं काजळी पुसली. टिंबाटिंबांची अक्षरं वर आली. 'प्रथम क्र'. पुढचं कात्रीत गेलेलं. खाली माझ्या नावाची पहिली दोन अक्षरं, झकास शाबूत.

आणि एकदम मी त्या दिवसात जाऊन पडले. ट्रे कपाटावर नाही. मी पाण्याच्या पिंपामागे शोधतेय, कोंबड्यांच्या खुराड्यात हात घालतेय, रडून रडून नाक लाल झालंय, आणि तू दारात कमरेवर हात ठेवून उभी. "नाव घातलेली वस्तू हरवते कशी? भाषनं ठोकायला अक्कल आहे, वस्तू सांभाळायला नाय?" काय बाई तुझी हिंमत! वर आणखी दम दिलास, बॉनेटला हात लावायचा नाही, हात काळे होतात, तू अभ्यास कर. मला वाटायचं, आईला माझ्या शिक्षणाची केवढी काळजी!

आंब्याखाली मी इतकी हसले की मेकॅनिक घाबरला. मग हसता हसता आठवलं. वटारची ती बाई. त्या वर्षीच्या मे महिन्यातली. पप्पा बोटीवर, गावात दुसरी गाडी नाही, म्हणून अडल्यानडल्याला तूच न्यायचीस. तिला कळा येत होत्या, मी तिचा हात धरून मागे बसलेली, आणि निर्मळच्या वळणावर गाडी बसली. बाटलीतलं पाणी संपलं. तू विहीर शोधायला पळालीस, पदर भिजवून आणलास, ती किंचाळतेय, आणि गाडी काही केल्या उठेना. शेवटी उठली. बाई आणि बाळ दोघं सुखरूप राहिली, पण तू घरी येऊन जेवली नाहीस. माझा ट्रे गेला तो त्याच आठवड्यात. त्यानंतर अडलेल्या बाईला नेताना गाडी कधी बसल्याचं मला आठवत नाही. अगं, मागितला असतास तर दिला असता की! नसता दिला. ते तुला माहीत होतं, म्हणूनच मागितला नाहीस.

तर तुझी शील्ड भोकाजवळ चिरली होती, ती काही परत लागणार नव्हती. मेकॅनिक म्हणाला, "या गाडीची शोधून आणेपर्यंत तुमच्या मुलीच्या पोराचं बारसं होईल." मी स्वयंपाकघरात गेले, फळीवर नजर फिरवली आणि जे हाताला लागलं ते आणून त्याच्यापुढे टाकलं. त्यानं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "चांगली वस्तू आहे ताई, नक्की कापू?" म्हटलं, काप. जुनी गास्केटं ब्लेडनं खरवडली ती मी. आधी एक नवं गास्केट, त्यावर शील्ड, त्यावर दुसरं गास्केट, मग कार्बोरेटर. नटही मीच आवळले, थोडा हा, थोडा तो, एकदम एकच पिळायचा नाही, नाहीतर बूड वाकतं. नखं लग्नापर्यंत काळीच होती. तू म्हणायचीस ते खोटं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी काय ऊन, आई! गल्लीत पुढे बँडवाले, त्यांच्यापुढे नाचणारी मंडळी, एक पाऊल पुढे की दोन मागे, आणि त्यांच्यामागे गाडी नुसती धगधगत रांगतेय. हात स्टीअरिंगवर, जीव बॉनेटखाली. बाजूला बसलेले तुझे जावई मांडीवर पाण्याची बाटली धरून. मागून नात म्हणते, "मम्मी, श्वास तरी घे." चर्चच्या दारात पोचलो, तरी इंजिन आपलं गुरगुरतंच. मी मुद्दाम थोडा वेळ बंद केलं नाही. जावयांनी बाटली उघडली, अर्धी स्वतः प्यायले आणि म्हणाले, "राहू दे गाडी." मला तिथेच रडू फुटलं. लोकांना वाटलं, मुलगी चालली म्हणून.

आता नाताळ तोंडावर आलाय. काल नातीचा फोन आला, सासरी पहिला केक करायचाय तिला. "मम्मी, आजीचा केकचा ट्रे दे ना. तो बेकरीत भाजायला न्यायचो तो, अदलाबदल होऊ नये म्हणून आजीनं नाव घातलेला. मी मागे आले तेव्हा फळीवर दिसला नाही." मी घसा खाकरला. म्हटलं, "तूच कुठेतरी टाकला असशील. नाव घातलेली वस्तू हरवते कशी?"

हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून आत्ताच चुलीत घालणार आहे. पण तुला म्हणून सांगते, कापताना तुझं नाव जपून ठेवलंय आणि बसवताना ते वरच्या बाजूला केलंय, तू माझं केलं होतंस तसंच. कधीतरी बॉनेट उघडेल ती.