छत्तीस फुल्या आणि चार पानं

मालक, पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि मी कागद घेऊन बसतोय तो आज, शनिवारी, तेही सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही हे आठवत नसताना. दुसरी घेतली तर कदाचित दोन होतील, नाही घेतली तर कदाचित एकही नाही. सून भाकरी थापता थापता दोनदा डोकावून गेली. ‘‘मामा, कुणाला लिवतायसा एवढं?’’ मी म्हटलं, ‘‘आमच्या प्रेसच्या मालकांना.’’ ‘‘म्हंजे ते वारलेले?’’ ‘‘व्हय.’’ ‘‘मग पत्ता काय घालणार?’’ पत्त्याचं नंतर बघू म्हटलं, तर म्हणाली, ‘‘पिनकोड तेवढा विचारून घ्या,’’ आणि हसत तव्याकडं गेली. तुम्हालाही हसू आलं असतं. मला येत नाही. उद्या सकाळी दहा वाजता तुमची मुलगी इथं येणार आहे, आणि तिला देण्यासाठी टेबलावर जे तयार ठेवलंय ते खोटं आहे.

मागच्या रविवारी ती आली होती. आपण प्रेसमध्ये तिला ताई म्हणायचो, मी अजून तेच म्हणतो. पन्नाशीची झाली, कॉलेजात शिकवते, चष्मा तुमच्यासारखाच नाकाच्या शेंड्यावर. पुण्याचा कुणी प्रकाशक तुमचं पुस्तक पुन्हा काढतोय म्हणाली. तुम्ही खराब झालेल्या प्रुफांच्या पाठीवर लिहायचात ना, ते सगळे कागद वहिनींनी ट्रंकेत जपून ठेवले होते. ताईनं ते छापील पुस्तकाशी ताडून बघितले. पहिल्या ओळीपासून सगळं आहे, फक्त शेवटची चार पानं नाहीत. प्रकाशकाला नेमका शेवटच्या पानाचा फोटो हवाय, तुमच्या अक्षरातला. ‘‘काका, मी पोरांना दरवर्षी तेच पान वाचून दाखवते. इंजिनाचं. बाबांनी जाता जाता माझ्यासाठीच लिहिलं असं मला वाटतं,’’ असं ती म्हणाली आणि मी हातातला कप खाली ठेवला. ‘‘शेवटचं जुळवणीचं काम तुम्हीच केलं होतं ना? मग ती पानं तुमच्याकडंच असणार. कुणाला दिली असतील, विकली असतील, तरी सांगा. मी रागावणार नाही.’’ विकली! तो शब्द ऐकला आणि माझं डोकंच चालेना. मी म्हणून गेलो, ‘‘हायत की ताई. शोधून ठेवतो. रविवारी या.’’

नाहीत, हे तुम्हाला आणि मला दोघांनाच माहीत आहे. छपाईयंत्र चालवणाऱ्या आपल्या मशीनमनला माहीत होतं, तोही गेला.

तुम्ही दुपारी रद्दीतून आणलेली इंग्रजी पुस्तकं वाचत बसायचात आणि एकटेच खो खो हसायचात, ते आत्ताही मला ऐकू येतं. मी सातवी शिकलेला, मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. एके दिवशी तुम्ही म्हणालात, असलं आपल्यात का नसावं, आणि त्या कारकुनाची गोष्ट लिहायला घेतलीत. जकात नाक्यावरचा कारकून, त्याची बदली होते आकाशातल्या कुठल्यातरी लांबच्या ग्रहावर. चूक आहे हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक, पण हुकूम निघाला तो निघाला. रद्द करायचा अर्ज तिथं रुजू झाल्यावर तिथूनच करायचा. मग उद्यमनगरातला एक फाउंड्रीवाला त्याला यान बांधून देतो, त्याला विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन बसवतो, आणि यान पन्हाळ्यावरून सोडतात, कारण उंचावरून निघालं की तेवढंच डिझेल वाचतं. त्या ग्रहावरच्या साहेबाला तीन डोकी, तिन्ही डोक्यांच्या सह्या वेगळ्या, आणि मधलं डोकं कायम रजेवर. मी जुळवताना हसून हसून शिशाच्या अक्षरांचे खिळे सांडायचो आणि तुम्ही आतून ओरडायचात, ‘‘हसायचे पैसे वाचणारा देणार आहे, तू जुळव!’’

इंजिनाचं तर काय सांगू. ते शिव्या घातल्याशिवाय सुरूच होत नव्हतं. साध्या शिवीला धूर, चांगल्या पेठेतल्या शिवीला धक्का, आणि कारकुनानं आयुष्यात कधी शिवी दिलेली नाही. आता शिव्या छापायच्या कशा? तर फुल्या घालून. एका शिवीला तीन फुल्या. आपल्या केसमध्ये, खिळ्यांच्या त्या खान्याखान्यांच्या पेटीत, फुल्यांचे खिळे होते छत्तीस. म्हणजे एका फर्म्यात, सोळा पानांत, बारा शिव्या. तेवढी पानं छापून झाली की मजकूर सोडायचा, खिळे धुऊन परत खान्यात टाकायचे, की पुढच्या सोळा पानांना पुन्हा बारा शिव्या मोकळ्या. तुम्ही सकाळी येऊन आधी विचारायचात, ‘‘आज किती शिल्लक?’’ मी म्हणायचो, ‘‘पाच हायत, जपून वापरा.’’ आणि तुम्ही खरंच जपून वापरायचात.

याच पुस्तकात मी एकदा तुमचा मार खायचा राहिलो. तिसऱ्या प्रकरणात कारकून यानाच्या दाराला लोंबकळतोय, खाली सगळा ग्रह दातांचा, आणि तुम्ही लिहिलेलं की त्याला काळजी पडली, आपण नाक्यावरच्या ड्रॉवरला कुलूप लावलं का नाही. मला ते पटेना. मरायला टेकलेला माणूस असा विचार करील का? मी जुळवताना परस्पर घातलं की त्याला बायको आठवली आणि डोळे भरून आले. प्रूफ वाचून तुम्ही सगळ्यांसमोर कागद माझ्या केसवर आपटलात. ‘‘तुझं काम खिळे जुळवायचं. गोष्ट जुळवायचं माझं. पुन्हा माझ्या ओळीत बोट घातलंस तर हात धुऊन घरी जायचं.’’ मला रडू आलं. मग संध्याकाळी तुम्हीच मिसळ मागवलीत आणि समजावून सांगितलंत, की आभाळ पडत असलं तरी माणूस मोठं बोलत नाही. तो म्हणतो, छत्री घरी राहिली. वाचणारा हसतो, आणि हसता हसता त्याच्या पोटात गोळा येतो. तुम्ही निघून गेल्यावर मशीनमन मला म्हणाला, ‘‘गड्या, त्यो ड्रॉवरवाला कारकून म्हंजे तूच की. रोज जाताना कुलूप तीनदा वढून बघतोस, मालकानी बघितलंय.’’

तेव्हा ठरवलं होतं की पुन्हा तुमच्या ओळीला हात लावायचा नाही. ते मी पाळलं. तुमची एकही ओळ बदलली नाही. पण तुम्ही दसऱ्यानंतर छातीत कळ येऊन दवाखान्यात पडलात तेव्हा शेवटच्या फर्म्याची बाराच पानं लिहून झाली होती. कारकून बदलीच्या खिडकीपाशी पोचला होता आणि खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झाली होती. तिथली जेवणाची सुट्टी अकरा वर्षांची. एवढं लिहून तुम्ही थांबला होतात. कागद आलेला, बाइंडर दारात, दिवाळी तोंडावर. दवाखान्यात गेलो तर वहिनी दारातूनच म्हणाल्या, ‘‘बोलायला बंदी आहे, काम विचारू नका.’’ परत आलो. मशीनमन पाय पसरून बसलेला. ‘‘चार पानं कोरी सोडलीस तर गिऱ्हाईक म्हणंल पानं गळाल्यात. आणि त्यो कारकून काय अकरा वर्सं तितंच बसणार व्हय रे? बायकोनं काय करायचं?’’ मी म्हटलं, ‘‘मग काय मी लिहू?’’ ‘‘लिवू नगंस. जुळव.’’

मी तेच केलं. कागदावर एक अक्षर लिहिलं नाही. केससमोर उभा राहिलो आणि ओळ जुळवायची स्टिक हातात धरून सरळ खिळ्यांतच गोष्ट जुळवत गेलो, म्हणून त्या चार पानांचं हस्तलिखित जगात कुठंच नाही. पहिली तीन पानं भीतीत गेली. शेवटच्या पानावर कारकून खिडकीवरून उठला, यानात येऊन बसला, आता इंजिनाला शिवी घालणार, म्हणून मी फुल्यांच्या खान्यात हात घातला. खाना रिकामा. खिडकीवरच्या भांडणात तुम्ही बाराच्या बारा शिव्या खर्चून टाकल्या होत्या आणि ती पानं त्याच फर्म्यात अडकून पडलेली. मी कपाळाला हात लावला. शिवी नाही तर इंजिन नाही, आणि इंजिन नाही तर घर नाही. मग कारकुनाला म्हणायला लावलं, ‘‘दमलास व्हय रे? मीबी दमलोय. चल बाबा, घरी जाऊ.’’ आणि इंजिनाला जन्मात कुणी गोड बोललेलं नव्हतं, ते दचकून सुरू झालं.

ताई पोरांना जे वाचून दाखवते ते हे. बाप मरताना मऊ झाला असं तिला त्यात दिसतं. त्यात फुल्यांचा खाना रिकामा होता, एवढंच आहे.

तुम्ही घरी आलात तेव्हा पहिली प्रत घेऊन मी आलो होतो. गादीवर उशीला टेकून तुम्ही सरळ शेवट काढलात. मी दाराशी उभा, चप्पल घालावी की नको या विचारात. तुम्ही चारही पानं वाचलीत. मधे एकदा हसलात, थोडंसंच, आणि माझ्याकडं नुसतं बघितलंत. तेवढ्यात ताई औषध घेऊन आली, नऊ वर्षांची असेल. तिनं पुस्तक ओढून शेवटचं पान मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, ‘‘बाबा, तो घरी आला!’’ तुम्ही म्हणालात, ‘‘आला की.’’ ‘‘तुम्हीच आणलंत?’’ तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि काही बोलला नाहीत. मीही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

म्हणून हे पत्र, मालक. मी खरं सांगायचं तर तुम्ही गप्प राहिलात हेही सांगावं लागतं. माझं खोटं माझ्यापुरतं असतं तर मी कधीच ओकून मोकळा झालो असतो.

या आठवड्यात मी काय केलं ते ऐका. माळ्यावरून जुनी प्रुफं काढली, पाठकोरी. शाईचं पेन आणलं. तुमचं अक्षर बावीस वर्षं वाचलेला माणूस मी, तुमचा तिरका ‘ल’, अर्धवट सोडलेला काना, सगळं हातात आहे. तीन दिवसांत चार पानं उतरवली. टेबलावर समोर आहेत. तुम्हालाही ओळखू येणार नाही. ताई ती छातीशी धरील, पुण्याचा माणूस फोटो काढील, कुणी काही विचारणार नाही. आणि तरी ती द्यावीशी वाटत नाहीत, कारण तुमच्या अक्षरात ती वाक्यं उपरी दिसतात. तुम्ही ‘चल बाबा’ कधी लिहिलं नसतं. तुम्ही त्याला कुलपाची काळजी करायला लावली असती. तिनं तुमचे सगळे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेत. आज ना उद्या तिला कळेल, आणि तेव्हा मी जिवंत नसलो तर ती कुणाला विचारणार?

इथपर्यंत लिहून उठलो होतो. उभ्या उभ्या फोन लावला, बसलो असतो तर लावला नसता. ‘‘ताई, पानं न्हाईत,’’ म्हटलं. ‘‘हरवली का?’’ ‘‘कधी नव्हतीच. ती मी जुळवली. मालकांनी लिहिलीच न्हाईत.’’ बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, ‘‘बाबांना माहीत होतं?’’ मी म्हटलं, ‘‘व्हय.’’ ‘‘मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा?’’ ‘‘तेव्हा माहीत होतं.’’ ‘‘आणि तुम्ही तिथंच उभे होतात.’’ ‘‘व्हय ताई.’’ त्यानंतर फोन बंद झाला. तिनं ठेवला की रेंज गेली कळायला मार्ग नाही. मी परत लावला नाही. सून विचारतेय, ‘‘मामा, तोंड असं का झालंय, गोळी घेतली न्हवं?’’ टेबलावरची चार पानं मी तिला चुलीत घालायला दिली. तिनं गॅस आहे म्हणून सांगितलं, मग मीच फाडली.

आता ती उद्या येते की नाही, माहीत नाही. आली तर काय बोलेल, माहीत नाही. पत्र काही टाकणार नाही मी, पिनकोड कुठून आणू. पण तुम्हाला एक सांगून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. फोनवर ती गप्प होती तेव्हा मला तिची माफी मागायची होती आणि तोंडावर आलं होतं भलतंच. मला विचारायचं होतं, ताई, माझी म्हणून कळल्यावरही ती पानं आवडतात का हो? विचारलं नाही. अजूनही विचारावंसं वाटतंय, याची लाज वाटते. तुम्ही नाहीतर ताई, दोघांपैकी कुणीतरी लवकर कळवा.