ताईची बाटली

प्रिय भिंगरी,

काल फोनवर तू सरळ विचारलंस, मावशी, हे नवीन औषध घेऊ की नको? आणि मी, डॉक्टरीणबाईंना विचार, एवढं बोलून फोन ठेवला. नाकाचा शेंडा लाल करून भिंतीकडे तोंड फिरवलं असशील. तुझी आईही अश्शीच करायची. तुझा राग बरोबर आहे. तिसऱ्यांदा ताप उलटलाय, मलेरिया जुन्या गोळ्यांना दाद देत नाही, आणि ज्या मावशीने आयुष्य त्याच्या औषधाच्या शोधात घालवलं, तिनेच हात वर केले.

तुझी आई याच तापाने गेली, तेव्हा तिच्या रक्ताचा नमुना आमच्या प्रयोगशाळेत आला. तुझ्या बाबांनीच परवानगी दिली होती. तिचे जंतू सगळ्या औषधांना पुरून उरले होते, म्हणून आम्ही ते बाटलीत वाढवले. बाटलीवर नुसता क्रमांक आहे, पण सगळे तिला ताईची बाटली म्हणतात. तिला रक्तपेढीतलं रक्त घालायचं, रोज पोषक पाणी बदलायचं, अंगाएवढी ऊब द्यायची. सुट्टीचं नाव नाही. ज्यांनी माझी बहीण नेली, त्यांचे मी जावयासारखे लाड पुरवले! शाळेत असताना तुला हे कळलं आणि तू महिनाभर माझ्याशी अबोला धरलास. पण अगं, ते जगल्याशिवाय कशाने मरतात हे कळणार कसं?

आमच्या रसायनवाल्याने किती पावडरी बनवल्या म्हणून सांगू. एक पाण्यात विरघळेचना. एक बाटलीत मोठी गुणी निघाली आणि उंदरांच्या यकृतावर उठली. दर वेळी तो तोंड पाडून हिंडायचा आणि मी त्याला चहा पाजायचे. मग ही आली, तुझं हे नवीन औषध, आणि ताईच्या बाटलीतले थोडे जंतू वेगळे काढून आम्ही त्यांच्यावर ती घातली. सकाळी काच मायक्रोस्कोपखाली ठेवली, तर अंगठीसारखे दिसणारे जंतू कुठेच नाहीत, नुसते आकसलेले काळे ठिपके. त्याने पाहिलं, मला पुन्हा पाहायला लावलं. आणि मी ढसाढसा रडले. आनंद तर होताच, पण ताईचं उरलंसुरलं काहीतरी गेलं असंही वाटलं. वेडेपणा आहे, कळतं मला.

पण बाटली म्हणजे तू नव्हेस. धडधाकट माणसांना ते देऊन झालंय, मळमळीपलीकडे फारसं काही झालं नाही. आजाऱ्यांना आत्ता कुठे द्यायला लागलेत. तुला लागू पडेलच असं शपथेवर सांगता येत नाही. नको असेल तर इंजेक्शनं आहेत, त्यांचीही खात्री नाही. डॉक्टरीणबाईंनी हे थंड डोक्याने सांगितलंच असेल. माझं डोकं थंड नाही गं. मला हे औषध यशस्वी व्हायला इतकं हवंय, की माझ्या तोंडून हो शिवाय दुसरं काही निघालंच नसतं. आणि तू माझ्या शब्दाखातर ते घेतलं असतंस.

म्हणून फोन ठेवला, बाटल्या रसायनवाल्याच्या हवाली केल्या आणि मिळेल त्या गाडीने निघाले. हे पत्र तुझ्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. डॉक्टरीणबाईंना बजावलंय, तिचं काय ते ठरू दे, मगच हे तिच्या हातात द्या. काय ठरलं ते मला सांगू नका, असंही म्हटलंय. हो म्हणाली असशील तरी तू माझी, नाही म्हणाली असशील तरी माझीच. आता हाक मार, आत येते.

तुझीच,
बाकावर पाठ अवघडलेली
मावशी