पेटीचं झाकण

अण्णा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि आज लिहायला बसले ती एका पोपटाच्या मादीमुळं. येरमाळ्याच्या घरात, मागच्या ज्या खोलीत तुम्ही टायर-ट्यूब ठेवायचात, तिथं माझ्याकडं पोपटांची एक जोडी आहे. आपल्या पिंपळावरचे नव्हेत, ते पाळायला बंदी आहे. हे आफ्रिकेतले, ब्राऊन हेडेड पॅरट म्हणतात त्यांना. सरकारदरबारी रीतसर नोंद केलीय, घाबरू नका. अंग हिरवं, डोकं मातकट; पिंजऱ्यात बसलेले असले तर कुणी ढुंकून बघणार नाही. पण पंख उचलला की खालून हळदीसारखा पिवळा निघतो. ज्वारीचं कोवळं कणीस दिलं की एका पायात धरून दाणा दाणा सोलतात. घरी येणारा प्रत्येकजण विचारतो, बोलतात का? फारसे नाही बोलत. मग कशाला पाळले, म्हणतात. काय सांगू? बघायला पाळले.

बघण्याची ही खोड तुमचीच. शाळा सुटली की मी हायवेवरच्या तुमच्या सायकलच्या दुकानात यायचे. तुम्ही मागच्या चाकाचं फ्रीव्हील माझ्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, "उघडून बघ. उघडल्याबिगर कळत न्हाय." आतले छर्रे मातीत सांडले तरी तुम्ही कधी रागावला नाहीत, माझ्याबरोबर उकिडवे बसून वेचायचात. तेव्हा आपल्या गावात मुलीच्या हातात पाना कोण देत होतं?

आणि त्याच माणसानं कोंबडीला मात्र हात लावू दिला नाही. स्वयंपाकघरात चुलीमागं टोपलीत तांबडी कोंबडी अकरा अंड्यांवर बसवली होती. ढग गडगडला की अंडी नासतात, म्हणून तुम्ही टोपलीतल्या भुशात सायकलच्या चाकाची एक मोडकी तार खोचून ठेवली. तारेनं काय होतं, असं मी विचारलं, तर ते तुम्हालाही माहीत नव्हतं. मी एकदा अंडं उचलताना सापडले तेव्हा मनगट धरून म्हणालात, "तिचं तिला कळतंय. बघून पिल्लं निघत न्हाईत." मला हे काही पटेना. दुकानात उघडायचं आणि घरात नाही, असं कसं? तुम्ही दुकानात आणि आई पाण्याला गेली की मी कोंबडीला बाजूला सारायचे, एकेक अंडं कानाला लावायचे. आत काहीतरी हलतंय असं वाटायचं, म्हणून पुन्हा लावायचे. असं रोज. एके दिवशी ती उठली ती परत टोपलीत गेलीच नाही. तुम्ही गार पडलेली अंडी बघितलीत आणि म्हणालात, "ही बसणारी न्हाय." रविवारी तिचा रस्सा झाला. मी पाटावर बसले आहे, आई वाढते आहे, आणि तुम्ही स्वतःच्या ताटातलं काळीज उचलून माझ्या ताटात ठेवता. मी ते खाते.

या मादीनं दोनदा अंडी घातली, दोन्ही वेळा तीन-तीन. पिंजऱ्यात अंड्यांसाठी लाकडी पेटी लावलीय, मी रोज तिचं झाकण उघडून, मोबाइलची बॅटरी लावून बघत होते. अंड्यात लाल रेघा दिसल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, तेव्हा आनंदानं अंगावर काटा आला. दोन्ही वेळा दहा-बारा दिवसांनी ती बाहेर आली आणि परत पेटीत गेली नाही. ज्याच्याकडून जोडी आणली त्या सोलापूरच्या माणसाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, ही मादी बसणारी न्हाय. परत द्या, दुसरी देतो." मी बरं म्हणाले. शनिवारी आणून देते म्हणाले. फोन ठेवला आणि आत गेले, तर नर तिच्या डोक्यावरची पिसं एकेक करून चोचीनं साफ करत होता आणि ती डोळे मिटून बसली होती. तुम्हीही कोंबडीला हेच म्हणाला होतात, ते आठवलं. मादीचा काही दोष नव्हता. मी शनिवारी गेले नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ती पुन्हा पेटीत शिरली. मी झाकण तारेनं बांधून टाकलं. तार तुमच्याच दुकानातल्या डब्यातली. अंडी किती, मला ठाऊक नाही. आत काय चाललंय ते बघायला जीव नुसता तडफडतो. हातांना काम हवं म्हणून त्यांच्यासाठी मटकी भिजवते, पाणी बदलते, नर तिला पेटीच्या तोंडाशी भरवतो ते लांबून बघते. न बघताही ही जर बसली नाही, तर मात्र ही खरंच बसणारी नाही, दोष माझ्या बघण्याचा नाही, आणि मग कोंबडीचं मी इतकी वर्षं उगाच मनाला लावून घेतलं असंही होईल, असा एक स्वार्थी विचार मध्येच येऊन गेला. त्याची लाज वाटली.

आज महिना होत आला. दुपारी हायवेवरच्या गाड्या जरा थांबल्या तेव्हा पेटीतून बारीक, चिरका आवाज आला. एकाचा की दोघांचा, कळलं नाही. हात तारेपर्यंत गेला होता. परत घेतला, आणि ही वही उघडली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, वहीतच राहणार. पण लिहून ठेवते. अण्णा, ती कोंबडी बसणारी होती. मी तिला बसू दिलं नाही, आणि तुम्ही दिलेला तो घास मी मुकाट्यानं खाल्ला.