साडेनऊ छपरं

प्रिय बारक्या,

हे पाकीट तू उघडशील की तसंच कोपऱ्यात टाकशील, याची मला शंकाच आहे. पत्ता तुझ्या बायकोकडून घेतला. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. कशाला हवाय, असं तीनदा विचारून मग तिने सांगितला, आणि सांगताना घराचा नंबर गाळला. विसरून गाळला की मुद्दाम, हे तिलाच ठाऊक. मी पुन्हा विचारला. तिच्या जागी मी असते तर मीही माझ्यासारख्या नणंदेला सरळ उत्तर दिलं नसतं. तू गेल्याला आता सात आठवडे झाले. तिकडे कुणा ठेकेदाराकडे रोजाने जातोस, एवढंच तिने सांगितलं. त्या माणसाचा दोर आणि पट्टा धड आहे ना, ते आधी बघून घे. अनोळखी माणसाच्या शिडीवर विश्वास ठेवू नकोस.

माझा स्वभाव संशयी आहे, हे तू पाच वर्षांचा असल्यापासून म्हणत आलास. वाण्याने साखर तोलली की मी घरी येऊन पुन्हा तोलायची, धोब्याच्या गाठोड्यातले कपडे दोनदा मोजायची. तू हसायचास आणि बाबांना सांगायचास, की ताई देवाघरी गेली तरी आधी पत्ता बरोबर आहे का ते विचारेल. बाबांना मात्र माझा हा स्वभाव आवडायचा. त्यांचे गुडघे गेले आणि आपल्या छपरांच्या धंद्याचा परवाना कुणाच्या नावावर घ्यायचा हा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला होता. तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा वर चढेल, आणि तू खाली सही कर. तुला वाईट वाटलं असेल का, हे मी तेव्हा विचारलं नाही. लेखी परीक्षेचं नाव काढलं तरी तुझे हात गार पडायचे, तेव्हा मला वाटलं की तू सुटलास.

मी परीक्षेसाठी चार महिने घासून अभ्यास केला. उतार किती अंशांचा असला तर कौलं किती एकमेकांवर चढवायची, पन्हळ कुठे फुटते, वाऱ्याच्या तोंडाला खिळे किती जवळ मारायचे, सगळं तोंडपाठ केलं. लेखीत चांगले गुण पडले. नंतर मुलाखत होती. अनुभवाचे कागद बाबांनी तारखेवार लावून दिले होते, पाच वर्षांत तेवीस घरांच्या कामावर देखरेख. साहेबाने ते कागद उलटसुलट करून पाहिले, मग चष्मा काढून माझ्या चपलांकडे पाहिलं. नव्या कोऱ्या, पातळ तळाच्या चपला. छपरावर कधी गेला होता का, असं त्याने विचारलं नाही. नुसतं पाहिलं आणि शिक्का मारला. घरी येऊन मी बाबांना म्हटलं की तो माणूस मला काही धड वाटला नाही. बाबा हसले आणि विषय बदलला. त्यानंतर चार महिन्यांतच ते गेले, आणि तेव्हापासून ही तीन वर्षं आपलं सगळं काम माझ्या परवान्यावर चाललं.

आता त्या गुंडाळ्यांची गोष्ट. कौलांखाली फळ्यांवर अंथरायचा डांबरी कागद गोदामातून कमी होतोय, हे माझ्या गेल्या वर्षी पहिल्यांदा लक्षात आलं. एका कामाला सहा गुंडाळ्या लागायच्या तिथे आठ जायच्या. तुला विचारलं तर तू म्हणालास, फाटतो गं, वाया जातो. तू खोटं बोलताना डाव्या कानाची पाळी ओढतोस, हे तुला कुणी सांगितलं नसेल, तर आता सांगते. त्या दिवशी तू ती ओढलीस. मग मी गुंडाळ्यांच्या आतल्या कडेला लाल पेन्सिलीने बारीक खूण करायला लागले आणि कामांवर जाऊन बघायला लागले. छपरावर नव्हे, खालीच. कचऱ्यात पडलेले तुकडे उचलून बघायची. खुणेचे तुकडे कमीच सापडायचे. पक्कडला, म्हणजे बाबांच्या वेळच्या आपल्या त्या जुन्या कारागिराला, मी आडून आडून विचारलं. तर तो जणू बहिराच झाला. तेव्हा माझी खात्रीच पटली, की तुम्ही दोघं मिळून हे करताय.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐक. त्या रविवारी सकाळी तू टेम्पो काढलास, आणि मी रिक्षाने तुझ्या मागे आले. शहराच्या त्या टोकाला, एकसारख्या चौदा घरांची ओळ आहे तिथे, तू टेम्पो उभा केलास. टेम्पोवरची आपली पाटी उलटी करून ठेवलीस, तेही मी पाहिलं. पाटी उलटी करणारा माणूस सरळ असेल, असं मला तरी कधी वाटलं नसतं. तू आणि पक्कड एका घराच्या छपरावर चढलात, कौलं उतरवायला लागलात, आणि खाली एक बाई तुमच्यासाठी सरबताची भांडी घेऊन उभी. मी समोरच्या दुकानात तासभर वर्तमानपत्र वाचायचं सोंग केलं. आपल्या गोदामातला माल, आपली हत्यारं, आणि काम मात्र याचं खाजगी. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली नाहीत आणि याने दुसरं दुकान थाटलं, असं मनात आलं. खरं सांगते, मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

सोमवारी सगळ्या कामगारांसमोर मी तुला चोर म्हटलं. एकदा नाही, दोनदा. तू काही बोलशील, भांडशील, निदान कानाची पाळी तरी ओढशील म्हणून मी वाट बघत होते. तू किल्ल्या टेबलावर ठेवल्यास आणि एवढंच म्हणालास, "ताई, एकदा वर चढून बघायला पाहिजे होतंस." मला तो टोमणा वाटला. जिला शिडीची भीती वाटते आणि जी तरीही परवान्याची मालकीण आहे, तिला हाणलेला टोमणा. तू गेलास तेव्हा मी हाक मारली नाही.

आठवड्याने त्याच बाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका आहेत. विचारत होत्या, की तुमचे भाऊ उरलेली बाजू या रविवारी करणार होते, ते का आले नाहीत? मी गोड आवाजात म्हटलं, मी स्वतःच येते. मनात म्हटलं, चला, पुरावा मिळाला. कागद मागायचे, तुझी सही असलेलं काहीतरी हाताला लागतंय का बघायचं, असा बेत होता. पक्कडला बरोबर घेतलं ते त्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवायला. बाईंकडे कागद नव्हताच. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही लोक गॅरंटीतलं काम म्हणून करताय ना? आठ वर्षांनी आपणहून येऊन छप्पर कोण बघतं हल्ली!" मी पक्कडकडे पाहिलं, तर तो शिडी लावत होता. म्हणाला, चढ.

मी चढले बारक्या. डोळे मिटून, देवाचं नाव घेत, पक्कडच्या शिव्या खात चढले. त्याने तू केलेल्या बाजूची चार कौलं उचलून दाखवली. खाली कागद होता, एकावर एक वीतभर चढवलेला, कडा दुमडून बसवलेल्या, आणि एका कडेला माझी लाल खूण. मग तो आढ्यावरून पलीकडच्या उतारावर गेला आणि तिथली चार कौलं उचलली. तिथे काहीच नव्हतं. उघड्या फळ्यांवर रीपांच्या लाकडी पट्ट्या ठोकलेल्या आणि रीपांवर कौलं. फळ्या काळ्या पडलेल्या, एक तर बोटाने दाबली तर आत गेली. मी विचारलं, हे कुणी केलं? पक्कडने हातातलं कौल पुसून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "त्या उन्हाळ्यात कागद मिळत नव्हता. तुझ्या बापाने पावसाआधीचा शब्द दिला होता. चौदाही घरं अशीच झाकली. धाकटा तेव्हाही भांडला होता." एवढं सांगून तो कौलं जागेवर बसवायला लागला. बाबा आणि असं काम, हे दोन शब्द माझ्या डोक्यात शेजारी बसेनात. अजूनही नीट बसत नाहीत. त्यांचा राग येतो आणि दोन मिनिटांनी त्यांची आठवण येते.

तरीही माझा संशय गेला नाही, हे कबूल करते. नाहीतर मी तुझी ताई कसली! वाटलं, पक्कड तुला वाचवायला सगळं मेलेल्या माणसाच्या माथी मारतोय. म्हणून ज्या नऊ घरांचं काम पूर्ण झालं असं तो म्हणाला, त्या नऊही घरांवर मी चढले. पहिल्या तीन वेळा पट्टा पक्कडने बांधला, चौथ्या वेळी मी स्वतः. प्रत्येक छपरावर तीन ठिकाणी कौलं उचलून पाहिली. एका ठिकाणी तरी तू हात आखडता घेतला असशील, असं वाटत होतं. कुठेच घेतला नव्हतास. सातव्या घरी तर कुजलेल्या फळ्याही बदलल्या होत्यास आणि मालकाला त्याचा पत्ताही नव्हता.

मग माझ्या मनात एकच प्रश्न राहिला, की हे माझ्यापासून का लपवलंस? बाबांचं नाव राखायला, असं वाटून मी तुझ्यावर पुन्हा चिडले. मी काय लहान आहे? त्याच संध्याकाळी कपाटातून त्या चौदा घरांचे काम पूर्ण झाल्याचे दाखले काढले. खाली बाबांची सही होती आणि तिच्या वर, देखरेख करणारी म्हणून, माझी. 'कौलांखालचे अस्तर समक्ष पाहिले' असं छापलेल्या ओळीखाली, चौदा वेळा. मला लख्ख आठवलं. स्वयंपाकघरातलं टेबल, मी भाजी निवडतेय, बाबा कागद पुढे सरकवतायत, वरच्या मजकुरावर त्यांचा तळहात, आणि म्हणतायत, इथे आणि इथे. वाण्याची साखर तोलणाऱ्या मुलीने ते एकदाही वाचलं नाही. त्याच कागदांवर मला अनुभव मिळाला, अनुभवावर परवाना. यातलं एक छप्पर जरी कोसळलं असतं तरी चौकशीत पहिलं नाव माझं निघालं असतं. तू रविवार घालवून जे झाकत होतास ते बाबांचं पाप नव्हतं रे, मी होते. आणि मी तुला चोर म्हटलं. मला माफ कर. यापेक्षा चांगला शब्द मला सुचत नाही.

शिक्षिकाबाईंची उरलेली बाजू मी आणि पक्कडने पूर्ण केली, म्हणजे आता चार घरं राहिली. सोमवारी मी चौदाही दाखले घेऊन परवाना कार्यालयात जाणार आहे आणि काय झालं ते सांगणार आहे. परवाना जाईल, जायलाच हवा. मला आता फक्त तुझाच संशय आहे, की हे वाचून तू पळत येशील आणि सगळं आपल्या अंगावर घेशील. तसं केलंस तर मी पुन्हा कधी बोलणार नाही. त्याऐवजी पाकिटातला दुसरा कागद बघ. तो तुझ्या परवान्याच्या अर्जाला लागणारा अनुभवाचा दाखला आहे. चालू परवाना असलेल्यानेच तो द्यावा लागतो, म्हणून हे पत्र आज, सोमवारच्या आधी लिहितेय. परीक्षा दोन महिन्यांनी आहे, पुस्तक माझं घे, हात गार पडले तर मी बाहेर बाकावर बसलेली असेन. ती चार घरं तुझ्या नावावर, पाटी सरळ ठेवून कर. दाखल्यात मी लिहिलं आहे, की यांनी नव्याने बसवलेली साडेनऊ छपरं मी स्वतः वर चढून, कौलं उचलून पाहिली आहेत. परवानाधारक म्हणून ही माझी बहुतेक शेवटची सही, आणि बारक्या, खरी म्हणता येईल अशी पहिलीच.

तुझीच, तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई