शाळेला आपले पुरुष हवेत

सोमवार, ९ सप्टेंबर
माझा नातू कॉर्डेल मास्तर झाला! दुसरीचा! आमच्या मिसिसिपीत काळा पुरुष शाळेत दिसला की लोक विचारतात — खेळ शिकवतो की झाडू मारतो? हा वाचायला शिकवतो! आनंदात पीच घालून भाजायचा गोड कॉबलर करपवला. तरी संपला.

गुरुवार, १२ सप्टेंबर
काही कळेना. पोरगा ताटाला शिवेना. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "आजी, कुठल्याही वर्गात पोरगं दंगा करू दे, माझ्याकडे धाडतात. मी मास्तर की फौजदार? आपल्यातला पुरुष मी एकटाच. आणखी कुणी आला नाही तर नाताळनंतर मी शाळेत जायचा नाही."
शाळेच्या हेडबाईंना गाठलं. बाई तर बऱ्या वाटतात. म्हणाल्या, "चर्चमध्ये तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात." ऐकतात खरं! चौथीतून कापूस वेचायला गेलेल्या बाईचं!

रविवार, १५ सप्टेंबर
प्रार्थनेनंतर उभी राहिले. "शाळेला आपले पुरुष हवेत! शनिवारी सकाळी या!" काय तो आमेनचा गजर! बायकांचे हातपंखे हलायचे थांबले.

शनिवार, २१ सप्टेंबर
आले! जथाच आला — शिड्या, रंगाचे डबे, गवत कापायची मशिनं घेऊन! आमच्या चर्चचा डीकन रूफस तर मासे तळायची कढई घेऊन. कॉर्डेलनं कपाळाला हात लावला.
मी ओरडले, "अरे, शिकवायला बोलावलंय!"
रूफस हसायला लागला. "ओडेसामाय, शाळेनं आजवर आम्हाला ओझी उचलायलाच बोलावलंय की!"
खरंच की. मग चूक कुणाची — माझी, त्यांची, शाळेची? डोकं गरगरतंय. मासे मात्र झकास झाले होते.
बरोबर आलेल्या पोरांना कॉर्डेल झाडाखाली गोष्ट वाचून दाखवत होता. लोकांचं गवत कापून पोट भरणारा आमचा व्हेस्टर तिथंच कापत होता; पोरांना ऐकू यावं म्हणून त्यानं मशीन बंद केलं. परत चालूच केलं नाही. अर्धं गवत तसंच.

रविवार, २२ सप्टेंबर
व्हेस्टर दारात, टोपी हातात. "माय, माझी कॉलेजची डिग्री आहे. चालेल?"
"मेल्या, मग इतकी वर्षं लोकांचं गवत का कापलंस?"
"कुणी विचारलंच नाही."
रागवावं की पोटाशी धरावं? दोन्ही केलं.

सोमवार, ७ ऑक्टोबर
व्हेस्टर तिसरीवर मदतनीस मास्तर! कॉर्डेल गुणगुणत घरी आला. नाताळचं नावही काढत नाही.
हेडबाईंचा फोन — गवत गुडघ्याला लागलंय, व्हेस्टर कधी कापेल?
म्हटलं, बाई, मास्तर वर्गात आहेत. वाढू दे.