आधी एक खोटा

अप्पा, आज तुमचा कॅमेरा देऊन टाकायला गेले होते आणि घेऊन परत आले. आई दारात भाजी निवडत बसली होती. माझ्या खांद्यावरची बॅग बघून म्हणाली, "आणलास परत? त्या दगडाला गाव दाखवायला नेलतंस व्हय?" बॅग खाली ठेवताना मनगटातली कळ थेट कोपरापर्यंत गेली. हल्ली मनगटाला पट्टा बांधल्याशिवाय माझ्याकडून एकाही लग्नाचे फोटो उरकत नाहीत. तुम्ही तो कॅमेरा घेतलात तेव्हा तुमचे हात गिरणीतल्या माणसासारखे होते, तुम्हाला काय, दिवसभर गळ्यात अडकवून फिरायचात आणि वर रात्री जेवताना मांडीवर ठेवायचात. आई तेव्हापासून त्याला दगडच म्हणते.

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी बोलायचं कधी थांबवलं नाही, पण ते बहुतेक भांडणच असायचं. मांडवात लाइट गेले की तुमच्यावर चिडायचं, नवरदेवाने मान वाकडी केली की तुम्हाला नावं ठेवायची. लिहायला बसले ती आजच. चाचा, म्हणजे तुमचेच दोस्त, जे तुमचे कॅमेरे उघडून साफ करायचे आणि तुम्ही शेजारी बसून त्यांना उगाच सूचना द्यायचात, ते गेलं वर्षभर माझ्या मागे लागलेत. "बेटा, हा घोडा आता थकला. पार्ट मिळत न्हाईत. उद्या भर मांडवात बसला म्हंजे काय करतीस? नवा बिनआरशाचा कॅमेरा घे की. जुना मला दे, त्याच्या बदल्यात जमवतो." त्यांचं चुकतंय कुठे? नवा कॅमेरा अर्ध्या वजनाचा आहे. अंधाऱ्या कार्यालयातही त्याला दिसतं. माणसाचा डोळा कुठे आहे ते तो स्वतःच शोधतो आणि धरून ठेवतो. आणि आवाज करत नाही, अजिबात नाही. गेल्या महिन्यात एका लग्नात भटजींनी मंत्र थांबवून माझ्याकडे असं बघितलं की मी कॅमेरा पदराखाली झाकला. म्हणजे ठरवायला खरं तर काही नव्हतं. मी मात्र बॅग घेऊन चाचांच्या दुकानात जायचे, चहा प्यायचे आणि बॅग घेऊन परत यायचे.

अडत होतं ते त्या आवाजापाशी. शुक्रवार पेठेतल्या आपल्या स्टुडिओत माणूस खुर्चीवर बसला की त्याचा पुतळा व्हायचा. तुमच्या गळ्यात तेव्हा दोन कॅमेरे असायचे. त्यातल्या एकात रोल नाही, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसायचं. "हां, हितं बघा. हलू नका," असं म्हणून तुम्ही आधी तो रिकामा कॅमेरा उचलायचात. खटाक! आवाज झाला की माणूस हुश्श करायचा. खांदे खाली यायचे, बाई पदर सारखा करायची, नवरा तिच्याकडे बघून हसायचा. तेवढ्यात तुम्ही दुसरा उचललेला असायचा. कुणी म्हणालंच, "अजून एक?" तर तुमचं ठरलेलं उत्तर असायचं, "उगं एक जादा, माझ्याकडून." घरी नेलेला फोटो बघून लोक म्हणायचे, काय हात आहे! मी शाळेत असताना तुम्हाला विचारलं होतं की पहिल्यात रोल का घालत नाही. तुम्ही म्हणालात, "पहिला फोटो भ्यालेला असतोय. त्याच्यावर रोल कशाला घालवायचा?" आई आतून ओरडली होती, "पोरीला फसवाफसवी शिकवा आता." मी शिकले. आजही शिकलेलंच खाते आहे.

रोल बंद झाले तेव्हा तुम्ही रुसलात. डिजिटल म्हणजे खेळणं, असं वर्षभर म्हणत राहिलात, आणि मग एक दिवस कुणाला न सांगता हा मोठा कॅमेरा घेऊन आलात. घरभर सगळ्यांना तो डोळ्याला लावून बघायला दिलात. आत आरसा असतो, बटण दाबलं की तो वर उडतो, त्याचाच हा खटाक, असं तुम्ही मला समजावत होतात. आरसा वर असतो तेवढा वेळ डोळ्यापुढे अंधार. "म्हंजे बघ की, जे आपण टिपतो ते आपल्याला कवाच दिसत न्हाय. त्याच्या आधीचं दिसतंय, न्हायतर नंतरचं." तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. कॅमेऱ्याची एक गंमत, एवढंच. रिकाम्या कॅमेऱ्याची गरज मात्र संपली. आता पहिला खटाक ह्याच्यातच करायचा आणि नंतर तो पुसून टाकायचा. तुम्ही रोज रात्री बसून खोटे फोटो निवडून पुसायचात. खऱ्यात खोटे मिसळलेले तुम्हाला चालायचे नाहीत.

मग तुमचं ते आजारपण. डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यावर आम्ही तुमची कॉट खिडकीपाशी लावली होती. एका संध्याकाळी तुम्ही मला हाक मारलीत. "भिंतीवरचा काढ माझा. न्हायतर नंतर आधार कार्डावरचा मोठा करून लावशीला." मी हसले, कारण रडले असते तर तुम्ही रागावला असतात. म्हातारे लोक स्टुडिओत स्वतःहून यायचे, हार घालायचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवायला, आणि तुम्ही त्यांना टोपी नीट करायला लावून, नातवंडांची नावं विचारून तो काढायचात. सगळ्या पेठेच्या भिंतींवर तुमचे फोटो आहेत, अप्पा, आणि तुमचा एकही नव्हता. आम्ही तुम्हाला उशीला टेकवून बसवलं. मी कॅमेरा उचलला आणि सवयीने पहिला खटाक केला. चौकट बघितली नाही, उजेड बघितला नाही, खोट्याला कोण बघतं? आरसा खाली आला तेव्हा मला तुम्ही दिसलात. तोंडाभोवतीची ती ओढ सुटली होती. दुखणं विसरून तुम्ही माझ्याकडे बघत होता, मी कुठलीशी लहानशी गोष्ट पहिल्यांदा बरोबर केल्यावर बघायचात तसे. माझं बोट बटणावर होतं आणि तुम्ही हात वर केलात. "थांब. हा खोटा ना? मला शिकवतीस व्हय? खरा उद्या काढ. दाढी करून बसतो." गिऱ्हाईक थांब म्हणालं की थांबायचं, हेही तुमचंच. मी कॅमेरा खाली घेतला. सकाळी न्हावी आला तेव्हा घरात माणसं जमली होती. तो पेटी घेऊन दारातूनच मागे फिरला.

भिंतीवर तो खोटाच आहे. कडेला सलाइनचा दांडा आला आहे, चौकट एका बाजूला कलली आहे, आणि तुम्ही पुतळ्यासारखे ताठ बसला आहात, पहिल्या फोटोत सगळेच बसायचे तसे. येणारा-जाणारा विचारतो, फोटोवाल्याच्या घरी दुसरा फोटो नव्हता का? पहिल्या वर्षी आई पदर तोंडाला लावून आत जायची. आता ती सरळ सांगते, "जल्मभर लोकांस्नी फसवलं, आता सोता खोट्यावर लटकलेत." असं म्हणते आणि काच मात्र तीच पुसते, मला हात लावू देत नाही. आणि तो दुसरा चेहरा, तो कुठेच नाही. तो फक्त मी बघितला. माझ्याबरोबर तोही संपेल, हे मला अलीकडे फार टोचतं.

काल चाचांनी नवा कॅमेरा एका दिवसासाठी माझ्या हातात कोंबला. "वापरून बघ, मंग बोल." काम पूर्व भागात होतं. एका तेलुगू विणकर घरातल्या आजोबांना भिंतीवरचा काढून घ्यायचा होता, त्यांनी स्वतःच निरोप पाठवला होता. माग कधीच विकलेला, त्या जागी आता सुनेचं शिलाई मशीन. आजोबा पांढरी टोपी घालून खुर्चीवर बसले आणि बसताक्षणी त्यांचा पुतळा झाला. मी नवा कॅमेरा डोळ्याला लावला. त्याने लगेच त्यांचा डोळा शोधला. मी बटण दाबत गेले, आणि अंधार नाही, आवाज नाही, काहीच नाही. आजोबा श्वास धरून बसलेले. त्यांच्या गळ्याची शीर फुगायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते खटाकची वाट बघत होते. शेवटी त्यांच्याने राहवेना. "अय्यिंदा? झालं का? काढला का न्हाय अजून?" म्हटलं, आजोबा, बरेच काढले. ते सुनेकडे वळले. "आवाज कुठं आला? मागाचा आवाज बंद म्हंजे काम बंद. बाई नुसतीच बघून राहिली की!" सून तोंडावर हात ठेवून हसली. मी स्क्रीनवर फोटो दाखवले. सगळे भ्यालेले.

मी बॅगेतून तुमचा कॅमेरा काढला. त्यातलं कार्ड काढून खिशात टाकलं आणि तो गळ्यात अडकवला. उजव्या हातात नवा. तुमचा डाव्या हाताने दाबायचा म्हणजे बोटं कशी वेडीवाकडी करावी लागतात, ते तुम्ही बघायला हवं होतं. "हां आजोबा, हितं बघा. हलू नका." खटाक. आजोबांनी हुश्श केलं. "हां, आता झाला," म्हणाले, खांदे खाली आले, आणि त्यांनी सुनेच्या मशीनकडे, म्हणजे मागाच्या जागेकडे बघितलं. त्या वेळी मी नव्याचं बटण दाबत होते. आणि अप्पा, मला ते दिसत होतं. जे टिपत होते तेच दिसत होतं, मध्ये अंधार येतच नव्हता. इतकी वर्षं हे काम केलं आणि असं कधी घडलं नव्हतं. त्यांचा चेहरा सुटत गेला, डोळे भरले, पुन्हा कोरडे झाले, आणि मी त्यातलं काहीच चुकवलं नाही. हा कॅमेरा तेव्हा असता तर, एवढं एकच माझ्या डोक्यात फिरत होतं. तुम्ही हात वर करायच्या आधी तुमचा तो चेहरा आला असता. तुम्हाला कळलंही नसतं, आणि तुम्ही रागावायला उरला नसतात. सुनेने विचारलं, ताई, डोळ्यात काय गेलं का? मी म्हटलं, शिवणाचं कुसळ.

आज सकाळी चाचांकडे गेले. त्यांनी तुमचा कॅमेरा हातात घेतला, फडक्याने पुसला, कानाशी नेऊन खटाक केला. "याचा आवाज बघ. आता असा आवाज कुणी बनवत न्हाई." आणि मग तो परत माझ्याकडे सरकवून म्हणाले, "जा, घेऊन जा. नवा पण घेऊन जा, तुझं-माझं नंतर बघू. तू रोज येऊन चहा पिऊन जातीस, माझं दुकान चालायला पायजे का नक्को?" मी म्हटलं, चाचा, दोन दोन कॅमेरे गळ्यात घालून मनगट कसं बरं होणार? ते म्हणाले, "तुज्या बापाच्या गळ्यात पण दोन होते." त्यांनाही तुमची ती लबाडी ठाऊक होती, हे मला आजच कळलं.

तर असे दोन्ही घरी आले. ठरवायला गेले आणि काहीच ठरवून आले नाही, म्हणून तुम्ही हसाल. आई देवापाशी दिवा लावते आहे, थोड्या वेळाने जेवायला हाक मारेल आणि हा कागद बघून विचारेल, काय लिहिलालीस. काहीतरी सांगेन. तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि आईला वाचून दाखवायचा धीर नाही.

एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी आई देवळात गेली होती तेव्हा मी तुमच्या भिंतीसमोर उभी राहिले. तुमचा कॅमेरा गळ्यात होता, रिकामाच. मी तो तुमच्यासमोर धरला, "हां अप्पा, हितं बघा," म्हटलं आणि खटाक केला. वेडेपणा आहे, मला कळतं, मी काही लहान नाही. पण आवाज विरल्यावरही मी बराच वेळ तिथून हलले नाही. दुसऱ्या हातात नवा कॅमेरा होता, आणि तो मी डोळ्याला लावला होता.